पायवाट गेलेलं घर घेताना: नागपुरात मोजणी, नकाशे आणि सर्च रिपोर्ट किती कामाचे

नागपूरच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांत, बेसा, पिपळा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, गोधनी, वाडी ते थेट हिंगण्यापर्यंत, लोकांचा चालण्याचा रस्ता आतून गेलेले प्लॉट सापडतात. कारण साधं आहे. इथे आधी वावरं होती. गावातून नाल्याकडे, स्मशानाकडे, पुढच्या गावच्या बसथांब्याकडे माणसं धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे वावरांच्या बांधांवरून, जायची. लेआउट पडले, धुरे मोडले, पण चालणाऱ्यांनी वाट सोडली नाही. अशा घराचा भाव आजूबाजूच्या घरांपेक्षा कमी सांगितला जातो आणि दलाल म्हणतो, "लोकं जातात कधीमधी, भिंत घातली की बंद होते." भिंत घालणारा मात्र नवा मालक असतो आणि तहसीलदाराची नोटीसही त्याच्याच नावाने निघते.

असं घर टाळलंच पाहिजे असं नाही. वाट कडेने जात असेल, रुंदी ठरलेली असेल आणि भाव त्या हिशेबाने लागला असेल, तर तिथे सुखाने राहता येतं. प्रश्न आहे तो वाट कागदावर आणि जमिनीवर नेमकी कुठे आहे हे आधी कळण्याचा. त्यासाठी नागपुरात ज्या सेवा मिळतात त्यांचा हा आढावा आहे. निकाल आधीच सांगतो: हद्द कायम मोजणीचे (सरकारी मोजणीदाराकडून प्लॉटची हद्द जागेवर पक्की करून घेण्याचे) पैसे वसूल होतात, जुना गाव नकाशा सगळ्यात स्वस्त असून सगळ्यात जास्त सांगतो, आणि नुसत्या सर्च रिपोर्टवर (वकिलाने केलेल्या जुन्या दस्तांच्या तपासावर) विसंबून पायवाटेचं घर घेऊ नये.

आधी वाट कोणती ते ओळखा

वाटा तीन तऱ्हेच्या असतात आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे.

पहिली सार्वजनिक. कोणीही, कुठल्याही घरचा माणूस तिच्यावरून जाऊ शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा शासनाच्या मालकीच्या असतात. ही वाट मालकाच्या सोयीने बंद होत नाही. लोकांना तिची गरज उरली नसेल तर कलम २१ खाली जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून, हरकती ऐकून लोकांचे हक्क संपुष्टात आणू शकतात. तेवढा एकच सरळ मार्ग आहे.

दुसरी खाजगी वहिवाटीची: मागच्या वावरवाल्याची किंवा मागच्या दोन घरांची. हिला भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ लागतो. हा कायदा सुरुवातीला ज्या तीन प्रांतांत लागू झाला त्यांत मध्य प्रांत होता, म्हणजे नागपूर पहिल्या दिवसापासून त्यात आहे. मुंबई इलाखा १८९१ मध्ये आला. कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांततेत, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापर झाला की हक्क पक्का होतो. जमीन सरकारची असेल तर तीस वर्षं. याच कायद्यातला एक मुद्दा खरेदीदाराच्या फार उपयोगाचा आहे: एका प्रकारच्या जाण्या-येण्याच्या हक्कात दुसरा प्रकार येत नाही (कलम २८). पायी जाण्याचा हक्क म्हणजे ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल नेण्याचा हक्क नव्हे.

तिसरी नुसत्या परवानगीची. जुन्या मालकाने शेजाऱ्याला "जा बापा इथून" म्हटलेलं असतं. परवानगीने झालेला वापर कितीही वर्षांचा असला तरी त्यातून वहिवाटीचा हक्क उभा राहत नाही. पण परवानगी तोंडी असली की सिद्ध करणं जड जातं. तेव्हा विक्रेत्याकडे आणि शेजाऱ्याकडे त्याबद्दल एखादी चिठ्ठी, पावती, जुना करार आहे का, हे सौद्याआधीच विचारावं.

ओळखण्याची पहिली खूण वाटेच्या दोन टोकांवर असते. दोन्ही टोकं सार्वजनिक जागी निघत असतील (रस्ता, नाला, मंदिर, शाळा, दुसरं गाव) तर वाट सार्वजनिक धरूनच पुढे चाला. एक टोक कोणाच्या तरी वावरात किंवा अंगणात संपत असेल तर ती बहुधा खाजगी आहे. नवरात्रात, बाजाराच्या दिवशी आणि सकाळी शाळेच्या वेळी जाऊन बघा. रविवारी दुपारी प्लॉट दाखवला तर वाट रिकामीच दिसणार.

घरबसल्या मिळणारे उतारे आणि नकाशे

महाभूलेख या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर सातबारा फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना मिळतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. त्यात दोन जागा वाचायच्या. एक, इतर हक्कांचा रकाना: तिथे रस्त्याची नोंद किंवा तहसीलदाराच्या आदेशाचा फेरफार क्रमांक असू शकतो. दुसरी, जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही, ती पोटखराबा (लागवडीखाली नसलेला भाग) वर्ग (ब). मान्य पायवाट किंवा रस्त्याखाली गेलेली, सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन या वर्गात येते आणि तिच्यावर आकारणी होत नाही. वर्ग (अ) म्हणजे खडकाळ, लागवडीला अयोग्य जमीन. (ब) मध्ये आकडा दिसला की ती जागा कशाखाली गेली आहे, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अडचण अशी की लेआउट बिगरशेती होऊन प्लॉटवार उतारे पडले की हा आकडा बहुतेकदा पुढे येत नाही. शहराच्या हद्दीत तर सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका असते आणि तिच्यात पोटखराब्याचा प्रश्नच नसतो. म्हणून मूळ खसऱ्याचा (इकडे गट किंवा सर्व्हे नंबरला खसरा म्हणतात), लेआउट पडण्याआधीचा सातबारा काढावा लागतो. जुने स्कॅन केलेले उतारे आणि फेरफार ऑनलाइन मिळतात. तिथे नसले तर तहसीलमध्ये नकलेचा अर्ज. मौजा, पटवारी हलका क्रमांक आणि मूळ खसरा क्रमांक हे तीनही लिहून न्या. नुसता प्लॉट नंबर आणि सोसायटीचं नाव सांगून जुना कागद सापडत नाही.

महाभूनकाशा ही सोय फुकट आहे आणि शेजारचे खसरे ओळखायला उत्तम आहे. पायवाट शोधायला मात्र तिच्यावर भरवसा ठेवू नये. हा डिजिटल नकाशा गटांच्या हद्दींवर बांधलेला आहे. खसऱ्याच्या पोटातून जाणारी पायमार्गाची तुटक रेषा त्यात बरेचदा येत नाही. नकाशा कोरा दिसला म्हणजे वाट नाही, असा अर्थ काढणं महागात पडतं.

जुन्या उपग्रह छायाचित्रांची मदत याहून जास्त होते. गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात. उन्हाळ्यातली चित्रं निवडा. पीक निघालेल्या काळ्या वावरातून गेलेली फिकट रेघ स्पष्ट दिसते आणि ती किती वर्षं त्याच जागी आहे तेही कळतं. चित्राच्या तारखेसह पानं छापून ठेवा.

जुना गाव नकाशा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज

इथे थोडं थांबून वाचण्यासारखं आहे, कारण ही सोय विदर्भाची खास आहे आणि पुण्या-मुंबईकडून आलेल्या सल्ल्यात तिचा उल्लेख नसतो.

भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ गाव नकाशाची प्रमाणित नक्कल मागा. नकाशाच्या कडेला खुणांची सूची असते, ती आधी वाचा. साधारण पद्धत अशी: गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रूढ रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. या आकड्यांचा अर्थ प्लॉटवर बसवून बघा. ५० बाय ६० फुटांचा ३,००० चौरस फुटांचा प्लॉट आहे आणि वाट ६० फुटांच्या बाजूने कडेकडेने जाते. सव्वाआठ गुणिले साठ म्हणजे ४९५ चौरस फूट गेले, प्लॉटचा साडेसोळा टक्के भाग. रुंदी उरली पावणेबेचाळीस फूट. त्यात घर होतं. हीच वाट मधून गेली तर दोन्हीकडे जेमतेम एकवीस-एकवीस फुटांच्या पट्ट्या राहतात आणि सोडायची समास अंतरं (हद्द आणि बांधकाम यांमधली मोकळी जागा) वजा केली की बांधायला काही उरत नाही. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी गेली तर सुमारे ६१० चौरस फूट जातात आणि हातात दोन त्रिकोण येतात. नकाशावर दुहेरी रेषा असेल तर कडेने जातानाच ९९० चौरस फूट, म्हणजे प्लॉटचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आज जमिनीवर दोन फुटांची पाऊलवाट दिसते म्हणून हिशेब दोन फुटांचा करू नये.

दुसरा कागद निस्तार पत्रक आणि तिसरा वाजिब-उल-अर्ज. महसूल संहितेची कलमं १६१ ते १६७ विदर्भासाठी आहेत. मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत) १९५१ मध्ये गेली तेव्हा गावकऱ्यांचे चराई, सरपण, पाणी, वाट यांचे जुने हक्क लिहून ठेवण्याची गरज होती. ती परंपरा या कलमांत पुढे आली. निस्तार पत्रकात गावच्या मोकळ्या शासकीय जमिनी कोणत्या वापराला आहेत ते असतं. वाजिब-उल-अर्ज त्याहून आपल्या कामाचा, कारण कलम १६५ प्रमाणे खाजगी जमिनीवरून असलेल्या जाण्या-येण्याच्या आणि पाण्याच्या रूढ हक्कांची नोंद त्यात होते. गावाच्या नावानिशी दोन्हींच्या नकला जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून किंवा तहसीलमधून मागवा. अर्जात "मौजा अमुक, खसरा अमुक यातून जाणाऱ्या वाटेसंबंधीच्या नोंदीसह" असं स्पष्ट लिहा, नाहीतर पहिलं पान देऊन बोळवण होते. पानं जुनी आणि लिखाण घसटलेलं असतं. वाचायला जुन्या पटवाऱ्याची किंवा महसुलाचं काम करणाऱ्या वकिलाची मदत घ्या.

या कागदांत वाट नसली तर ती नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही. नोंद होऊन गेल्यावर वीस वर्षांच्या वापराने हक्क तयार झालेला असू शकतो. नोंद सापडली तर प्रश्न मिटला. न सापडली तर पुढचं काम बाकी आहे.

वकिलाचा सर्च रिपोर्ट

सर्च रिपोर्ट दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या दस्तांवर उभा असतो: विक्रीपत्रं, गहाणखतं, बक्षीसपत्रं. साधारण तीस वर्षांचा शोध घेतात. मालकी आणि बोजा तपासायला तो लागतोच, बँकही मागते. पण पायवाट दस्ताने तयार झालेली नसते. वापराने किंवा रूढीने आलेल्या हक्काची नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे सूची दोनमध्ये (नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात) ती दिसणार कशी? "निर्वेध व निष्कंटक" असं लिहिलेला रिपोर्ट खरा असतो आणि तरीही अंगणातून लोक जात असतात.

म्हणून वकिलाला काम देताना तीन गोष्टी वाढवून मागा: मूळ खसऱ्याचा लेआउटपूर्व सातबारा वाचून मत, तहसीलमध्ये त्या खसऱ्यावर रस्त्याचं प्रकरण चालू आहे किंवा होतं का याचा तपास, आणि दिवाणी न्यायालयात विक्रेत्याच्या नावाने मनाई हुकुमाचा दावा आहे का तो शोध. वेगळी फी द्यावी लागली तरी द्या. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेवर फार विसंबू नका. ती दिल्याने खरेदीदाराचा प्रामाणिकपणा दिसतो, पण रोज त्या वाटेने जाणाऱ्याने पंधरा दिवसांत हरकत घेतली नाही म्हणून त्याचा हक्क संपत नाही. शिवाय डोळ्यांना दिसणारी वाट ही खरेदीदाराला मिळालेली सूचनाच मानली जाते. "मला कोणी सांगितलं नाही" हा बचाव अंगणात मळलेली वाट असताना टिकत नाही.

हद्द कायम मोजणी

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त धीर इथे लागतो, आणि तो लावावा.

मोजणीचा अर्ज ई-मोजणी प्रणालीतून भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे जातो. शहरात नगर भूमापन अधिकाऱ्यांकडे. २०२४ अखेर सुधारलेल्या दरांनुसार ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० रुपये आणि द्रुतगती मोजणीला ८,००० रुपये. महापालिका-नगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,०००. अर्ज करण्यापूर्वी चालू दर बघून घ्या. घराच्या किमतीपुढे हे पैसे काहीच नाहीत, तरी बहुतेक जण इथेच हात आखडता घेतात.

पहिली गोष्ट, अर्ज खरेदीदाराला करता येत नाही. तो जमीनधारकानेच करायचा. म्हणून सौदाचिठ्ठीतच लिहून घ्या की विक्रेता हद्द कायम मोजणी करून देईल, फी कोण भरेल, आणि क प्रत (मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारा अधिकृत नकाशा) हाती आल्यावर अमुक दिवसांत विक्रीपत्र होईल. क प्रतीत वाट ठरल्यापेक्षा जास्त जागा खाताना दिसली तर बयाणा परत, हे वाक्यही त्यातच हवं.

दुसरी गोष्ट, मोजणीचे प्रकार अनेक आहेत: हद्द कायम, पोटहिस्सा, बिगरशेती, कोर्टवाटप. इथे हद्द कायमच निवडायची. अर्जाबरोबर ताजा सातबारा किंवा आखीव पत्रिका, जागेचं कच्चं रेखाटन आणि चारही बाजूंच्या धारकांची नावं-पत्ते द्यावे लागतात. वेगळ्या पत्रात मागणी करा: "खसऱ्यातून असलेली पायवाट व तिची प्रत्यक्ष वहिवाट, सुरुवात, मध्य व शेवट अशा तीन ठिकाणच्या रुंदीसह नकाशात दाखवावी." हे पत्र नसेल तर मोजणीदार चार कोपरे दाखवून जातो आणि वाट नकाशात येतच नाही. मोजणीला जाऊनही वाटेचा प्रश्न तसाच राहण्याचं सगळ्यात मोठं कारण हे एक पत्र असतं.

मोजणीच्या दिवशी बिघडतं ते असं. शेजारच्या धारकाचं नाव जुनं असतं, माणूस वारलेला असतो, वारसांना नोटीस पोचत नाही; पुढे तेच हरकत घेतात आणि मोजणी वादात जाते. म्हणून शेजाऱ्यांचे उतारे आधी काढून चालू नावं द्या. दुसरं, हद्दीवर झुडपं, टिनाचं शेड, जुना माल पडलेला असतो. आधी साफ करून ठेवा. रोव्हर या उपग्रहावर चालणाऱ्या यंत्राने मोजताना दाट झाडांखाली किंवा उंच इमारतीला लागून उपग्रहाचा संकेत नीट मिळत नाही, तिथे टोटल स्टेशन हे दुर्बिणीचं मोजणी यंत्र लागतं. जागेची अडचण आधी कळवली तर यंत्र सोबत येतं. तिसरं, खुणा. चुना पहिल्या पावसात वाहून जातो. सिमेंटचे खांब किंवा लोखंडी सळया आधीच आणून ठेवा आणि मोजणीदारासमोर रोवा.

वेळही निवडावी. जुलै ते सप्टेंबर काळ्या मातीत पाय रुततो, वावरांत सोयाबीन-कपाशी उभी असते. ऑक्टोबरमध्ये अर्ज केला तर नियमित मोजणीही हिवाळ्याच्या शेवटापर्यंत जागेवर येण्याची शक्यता असते आणि तेव्हा जमीन उघडी मिळते.

क प्रत आली की दुसऱ्याला वाचायला देण्याआधी स्वतः बघा. मोजणी रजिस्टर नंबर आणि तारीख, उत्तर दिशा, प्रमाण, लगतचे क्रमांक. अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. खालची टीप वाचून कोणती कोणती ते पक्कं करा. दोन रेषांमध्ये फरक असेल तिथे मीटर पट्टीने मोजून बघा: वाट तुमच्या हद्दीत आहे की शेजाऱ्याच्या? कितीदा असं निघतं की वाट मूळची धुऱ्यावरची, म्हणजे दोघांच्या मधली असते आणि शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवल्यामुळे ती पूर्ण या प्लॉटमध्ये ढकलली गेलेली असते. मग बोलणी विक्रेत्याशी नाही, शेजाऱ्याशी करायची. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे फेरतपासणीच्या मोजणीचा, मार्ग आहे.

मर्यादाही सांगायला हवी. मोजणी जागा दाखवते, हक्क ठरवत नाही. वाट सार्वजनिक की खाजगी हा निर्णय तहसीलदाराचा किंवा दिवाणी न्यायालयाचा. पण त्या दोघांपुढे पहिला कागद क प्रतच लागतो.

खाजगी सर्व्हेअर

लवकर येतो, रेखाटन लगेच देतो, पातळ्या घेतो. पाणी कुठून कुठे वाहतं हे समजायला आणि लेआउटचा नकाशा जुन्या गाव नकाशावर एकाच प्रमाणात ठेवून बघायला त्याच्याइतकं कोणी उपयोगी नाही. हद्दीच्या वादात मात्र त्याचा नकाशा सरकारी मोजणीपुढे टिकत नाही. त्याला मोजणीनंतर बोलवा, ऐवजी नको.

वाट अडवली तर काय होतं

आधीच्या मालकाने भिंत घातलेली असेल तर ती भिंत विकत घेताना तिचा वादही विकत घेतला जातो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे दावा लावता येतो आणि तो अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. म्हणून भिंतीची तारीख महत्त्वाची: वीज मीटर, विटांची पावती, उपग्रह चित्र, काहीही चालेल. सहा महिने उलटले म्हणजे सुटका झाली असं नाही, लोक दिवाणी न्यायालयात जाऊ शकतात. सार्वजनिक वाट असेल तर उपविभागीय दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खालीही अडथळा हटवायला लावू शकतात.

मागे अजून शेती असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे शेतकरी दुसऱ्याच्या खसऱ्याच्या हद्दीवरून, म्हणजे धुऱ्यावरून, रस्ता मागू शकतो. मे २०२५ च्या शासन निर्णयात असा शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, असं धोरण आहे. चार मीटर म्हणजे तेरा फुटांच्या वर; वरच्या प्लॉटमध्ये ७८७ चौरस फूट. शिवाय २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत पांदण रस्ते (शेताकडे जाणाऱ्या जुन्या वाटा) पक्के होत आहेत. ग्रामपंचायतीत जाऊन ही वाट त्या आराखड्यात आहे का, एवढं विचारून या. आजची पाऊलवाट उद्या खडीचा रस्ता होणार असेल, तर काहींना ते फायद्याचंही ठरेल. घराला दुसऱ्या बाजूने रस्ता मिळतो.

मंजूर लेआउट, आर.एल. आणि मागची गल्ली

लेआउट मंजूर करताना जुनी वाट अंतर्गत रस्त्यात घ्यायची असते. म्हणून नागपूर सुधार प्रन्यास, एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा महापालिका, ज्याचा असेल त्याचा मंजूर नकाशा घेऊन गाव नकाशातली तुटक रेषा कुठे गेली ते बघा. रस्त्यात विरली असेल तर आज प्लॉटमधून जाणारे लोक जवळचा मार्ग म्हणून जात आहेत आणि त्यांना रस्त्याकडे वळवणं शक्य आहे. नंतर नियमित केलेल्या ५७२ आणि १९०० या गटांच्या लेआउटमधल्या आर.एल. (प्लॉट नियमित झाल्याचं प्रन्यासचं पत्र) झालेल्या प्लॉटला आर.एल.च्या नकाशातली मापं बघा, विक्रीपत्रातली नाही. जुन्या लेआउटची मागची सेवा गल्ली ही वेगळी बाब आहे: ती प्लॉटच्या बाहेरच असते, तिच्यावर बांधलेली न्हाणी विकत घेऊ नका.

घर म्हणून

वाटेकडेच्या घराचा खरा शत्रू पाणी आहे. रोजच्या चालण्याने वाट दबून खोलगट होते आणि पावसाळ्यात तीच नाली होते. चिखल झाला की लोक कोरड्या कडेने चालतात. दोन पावसाळ्यांत वाट तुमच्या भिंतीकडे सरकते. त्यावर इलाज सोपा आणि स्वस्त आहे: वाट चांगली करून द्या. दीडशे मिलिमीटर मुरूम दाबून, त्यावर ६० मिलिमीटरचे पेव्हर, घराकडून बाहेर पन्नासास एक असा उतार आणि कडेने उघडी नाली. वाट सार्वजनिक असेल तर ग्रामपंचायतीची किंवा महापालिकेची लेखी संमती घेऊनच. लोक पक्क्या पट्टीवर चालतात आणि रुंदी तिथेच थांबते.

कंपाउंड भिंतीचा पाया काळ्या मातीत संपवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाची भिंत एका बाजूला कलते. पाया मुरमापर्यंत न्या किंवा माती काढून मुरूम भरा. भिंतीतून पाणी निघायला छिद्रं ठेवा. सेप्टिक टाकी आणि बोअर वाटेच्या पट्ट्यात अजिबात नको; दुरुस्तीला खोदताना वाट अडते आणि तिथून तक्रार सुरू होते. मोटारसायकली थांबवायला नुसते दोन खांब पुरत नाहीत, स्कूटर त्यातून निघते. वळण घेऊन जावं लागेल अशी आडवी रेलिंग लागते, पण व्हीलचेअर जाईल इतकी जागा सोडून आणि परवानगी घेऊनच. कुलपाचं फाटक कधीच नको.

विक्रीपत्रात

चतुःसीमेत वाटेचा उल्लेख, रुंदी फुटांत आणि मीटरमध्ये, क प्रत परिशिष्ट म्हणून जोडलेली. एकूण क्षेत्र आणि वाट वजा जाता क्षेत्र असे दोन आकडे लिहा, आणि भाव दुसऱ्या आकड्यावर ठरवा. विक्रेत्याकडून हमी घ्या की वाटेबाबत कुठलंही प्रकरण, नोटीस किंवा तोंडी कबुली त्याने लपवलेली नाही; मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, साध्या चौकशीत न दिसणारा दोष सांगणं हे त्याचं कर्तव्यच आहे. बँकेचं कर्ज असेल तर क प्रत मूल्यांकनकाराला आधीच द्या. त्याने जागेवर वाट बघितली आणि कागदात नसली तर मंजुरी शेवटच्या आठवड्यात अडकते.

विक्रीपत्रानंतर फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढा आणि इतर हक्कांतली जुनी नोंद जशीच्या तशी आली का ते बघा. नोंद गळली तर ती फायद्याची समजून गप्प बसू नका. मागचे वावरवाले दुरुस्तीचा अर्ज करतील तेव्हा मंडळ अधिकाऱ्यासमोर तुमचीही सही लागेल, आणि त्या वेळी रुंदी किती लिहायची हे तुमच्या हातातली क प्रत ठरवेल.